कडक चिकणमातीची ताकद कशी ठरवावी: बोअरहोलपासून अहवालापर्यंत

पुण्याजवळच्या मांजरी किंवा मुंढव्याच्या बाजूला मे महिन्यात काळ्या मातीत पहार मारली, तर ती दगडावर आपटल्यासारखी परत येते. त्याच जागी ऑगस्टच्या अखेरीस बूट घोट्यापर्यंत रुततो. माती तीच असते. बदललेले असते ते तिच्यातले पाणी. सिव्हिलची पदवी घेऊन नुकतेच माती परीक्षणाच्या कामाला लागलेल्या मुलामुलींसाठी हा लेख लिहितो आहे. मी त्या टप्प्यावर होतो तेव्हा सगळ्या चाचण्यांची नावे मला तोंडपाठ होती, पण एकाच थराला चार चाचण्यांनी चार वेगवेगळे आकडे दिले की कोणता धरायचा, हे कुठल्याच परीक्षेत विचारलेले नव्हते.

माझ्या पहिल्याच अहवालात मी उन्हाळ्यात काढलेल्या नमुन्यांवरून पायाखालच्या मातीची क्षमता चौरस मीटरला २० टन दाखवली होती. पावसाळ्यानंतर खड्डा उघडला तेव्हा त्याच थरात अंगठा सहज शिरत होता. आमच्या वरिष्ठांनी खड्ड्याच्या काठावर उभे राहून एवढेच विचारले, “अरे, नमुन्यात पाणी किती होतं?” तो आकडा माझ्याकडे होता, पण वेगळ्या तक्त्यात, आणि ताकदीशेजारी ठेवून मी तो कधी पाहिलाच नव्हता. पुढचे सगळे विवेचन त्या प्रश्नाभोवती फिरते.

सुरू करण्यापूर्वी जवळ काय हवे

कागदपत्रांत जागेचा नकाशा, पातळ्यांचा सर्व्हे, इमारतीचे किंवा भिंतीचे अंदाजे भार, शेजारच्या जागेचा जुना अहवाल मिळाल्यास तो, आणि जवळपासच्या विहिरींतील उन्हाळ्याची व पावसाळ्याची पाणीपातळी. शेवटची माहिती कोणत्याही कार्यालयात मिळत नाही. ती शेजारच्या शेतकऱ्याकडे किंवा सोसायटीच्या वॉचमनकडे मिळते.

भारतीय मानकांपैकी एसपीटीसाठी (हातोड्याने नळी ठोकून फटके मोजण्याची चाचणी) आयएस २१३१, पातळ नळीच्या नमुन्यांसाठी आयएस २१३२, मातीत पाती फिरवून ताकद मोजणाऱ्या जागेवरच्या व्हेन चाचणीसाठी आयएस ४४३४, प्रयोगशाळेसाठी आयएस २७२० चे भाग २, ५, १०, ११, १२ आणि ४०, आणि भारक्षमतेच्या हिशेबासाठी आयएस ६४०३ हाताशी ठेवा.

साईटवर न्यायच्या पिशवीत खिशातला पेनेट्रोमीटर (टोक मातीत दाबून ताकद दाखवणारे छोटे यंत्र), मेजपट्टी, धारदार सुरी, मेण आणि ते वितळवायला छोटा स्टोव्ह, प्लास्टिकची फिल्म, घट्ट झाकणाचे डबे, न पुसणारे मार्कर आणि लाकडी भुसा असावा. भुसा कशासाठी, ते पुढे येईल.

१. माती कडक का आहे, हे आधी समजून घ्या

चिकणमाती दोन कारणांनी कडक होते. कधी तिच्यावर पूर्वी आजच्यापेक्षा जास्त ओझे होते आणि ते नंतर झिजून गेले. लंडनची प्रसिद्ध चिकणमाती अशी आहे. कधी माती वाळून आक्रसते आणि त्या आक्रसण्यानेच दाबली जाते. दख्खनच्या बेसाल्टवर तयार झालेली आपली काळी माती मुख्यतः दुसऱ्या प्रकारातली. पहिल्या प्रकारातला कडकपणा बराच टिकाऊ असतो. दुसऱ्या प्रकारातला ऋतूबरोबर जातो-येतो, निदान वरच्या दोन-तीन मीटरांत तरी.

पुण्यात थरांची सर्वसाधारण रचना वर काळी माती, खाली पिवळसर किंवा तपकिरी कंकरमिश्रित (चुनखडी गोट्यांची) माती, मग मुरूम आणि शेवटी खडक अशी असते. टेकड्यांच्या बाजूला खडक लवकर लागतो, तर मुळा-मुठा आणि इंद्रायणीच्या काठांनी मातीची जाडी वाढते. त्यामुळे शहरातल्या बहुतेक इमारतींचे उत्तर “माती काढा आणि मुरुमावर टेका” असेच असते आणि ते योग्यही आहे. मातीची ताकद खरोखर लागते ती संरक्षक भिंती, कंपाउंड, रस्त्याचे भराव, पाइपलाइन, तळघराच्या खोदाईचे उभे काठ आणि मुरूम फार खोल असलेल्या जागा यांच्यासाठी.

कारण ओळखायची सोपी खूण म्हणजे मातीतले नैसर्गिक पाणी आणि तिची प्लॅस्टिक लिमिट (ज्या ओलाव्याखाली माती मळता न येता तुटते तो) यांची तुलना. पाणी प्लॅस्टिक लिमिटच्या आसपास किंवा खाली असेल, तर माती कडक असणारच. मळलेल्या चिकणमातीची निचरा-विरहित ताकद (पाणी बाहेर पडायला वेळ न देता मोजलेली) लिक्विड लिमिटला, म्हणजे माती वाहू लागते त्या ओलाव्याला, साधारण १.७ किलोपास्कल असते आणि प्लॅस्टिक लिमिटला तिच्या सुमारे १०० पट होते. यावरून एक हिशेब करून पाहा. प्लॅस्टिसिटी इंडेक्स, म्हणजे या दोन मर्यादांतला फरक, ४० असेल, तर पाणी एक टक्क्याने वाढले की ताकद साधारण ११ टक्क्यांनी घटते, आणि सहा टक्क्यांनी वाढले की ती निम्मी होते. हा अंदाज आहे, चाचणी नव्हे. तरीही मी तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

२. बोअरहोल कुठे आणि कधी घ्यावे

संख्या आणि खोली बांधकामावरून ठरते. पायाच्या रुंदीच्या किमान दीडपट खोलीपर्यंत पायाखाली जायचे, हा नेहमीचा नियम आहे. ‘कधी’ या प्रश्नाकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. मालकाला अहवाल पावसाळ्यापूर्वी हवा असतो, रिगवाल्यालाही कोरडी जमीन सोयीची असते, आणि म्हणून निम्म्या पुण्याची माती एप्रिल-मेमध्ये तपासली जाते, म्हणजे ती वर्षातली सर्वांत कडक असते तेव्हा. वेळ बदलता येत नसेल, तर निदान प्रत्येक अर्ध्या मीटरला पाण्याच्या प्रमाणासाठी डबाभर माती घ्या. खोलीनुसार पाण्याचा आलेख काढला की एका खोलीनंतर तो स्थिर होताना दिसतो. तिथून खालचे आकडे बऱ्यापैकी विश्वासाचे. वरच्या आकड्यांशेजारी तारीख लिहायची.

मुठेचा उजवा कालवा हडपसरच्या बाजूने जातो. अशा कालव्यांच्या किंवा बागायती शेतांच्या कडेला उन्हाळ्यातही माती ओली राहू शकते, त्यामुळे शंभर मीटरवरच्या दोन बोअरहोलमध्ये वेगळे आकडे आले तर लगेच रिगवाल्यावर संशय घेऊ नका.

३. एसपीटीचा आकडा: मोजायचा कसा आणि किती मानायचा

६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून पडतो. पहिल्या १५ सेंटीमीटरचे फटके सोडून द्यायचे आणि पुढच्या ३० सेंटीमीटरचे मोजायचे, तो ‘एन’. पुस्तकात हे एका वाक्यात संपते. साईटवर मात्र दोर झिजलेला असतो, ड्रमवर जास्तीचे वेढे घातलेले असतात, हातोडा कधी ६० तर कधी ८० सेंटीमीटरवरून पडतो, आणि मोजणारा माणूस मोबाईलवर बोलता बोलता “बावीस, तेवीस” म्हणत असतो. तिथे स्वतः उभे राहा. दांड्यावर खडूने १५ सेंटीमीटरच्या तीन खुणा करा आणि तिन्ही टप्प्यांचे फटके वेगवेगळे लिहा.

तीन आकडे वेगळे लिहिण्याचा खरा फायदा कंकर लागल्यावर कळतो. समजा फटके ६, ८ आणि २७ आले. कागदावर एन ३५ होतो आणि माती ‘अतिकडक’ ठरते. चमचा, म्हणजे ठोकलेली उघडणारी नळी, उघडून पाहिला की टोकाशी सुपारीएवढा चुनखडी गोटा अडकलेला सापडतो. मातीचा खरा आकडा १६ च्या आसपास असतो, बाकीचे फटके त्या गोट्याने खाल्लेले असतात. अशा वेळी अर्धा मीटर खाली जाऊन चाचणी पुन्हा घ्यावी आणि पहिला आकडा कारणासह नोंदवावा, खोडू नये.

एनवरून ताकद काढायच्या दोन वाटा आहेत. टेर्झागी आणि पेक यांच्या जुन्या वर्गवारीत एन ८ ते १५ म्हणजे कडक माती, जिची एकाक्ष दाबशक्ती (बाजूंनी आधार नसताना वरून दाबून फोडायला लागणारा दाब) १०० ते २०० किलोपास्कल, १५ ते ३० म्हणजे फार कडक, २०० ते ४००, त्यापुढे अतिकडक. कर्तन-सामर्थ्य, म्हणजे माती आतल्या आत घसरण्याला देते तो विरोध, याच्या निम्मे. दुसरी वाट स्ट्राउड यांनी १९७४ मध्ये दाखवली. ती खास कडक आणि भेगाळ चिकणमातीसाठी असल्याने मी तीच वापरतो. त्यात कर्तन-सामर्थ्य म्हणजे एनला एका गुणांकाने गुणून येणारे किलोपास्कल, आणि हा गुणांक प्लॅस्टिसिटी इंडेक्स वाढेल तसा उतरतो: कमी प्लॅस्टिक मातीला ६ किंवा थोडा अधिक, ३० च्या वरच्या मातीला साधारण ४.५. आपली काळी माती या दुसऱ्या टोकाला बसते.

इथे एक नेहमीची चूक सांगितली पाहिजे. एनला वरच्या मातीच्या दाबाची दुरुस्ती करायची आणि १५ च्या वरचा जादा भाग निम्माच धरायचा, या दोन्ही गोष्टी वाळूसाठी आणि पाण्याखालच्या बारीक रेतीसाठी आहेत. अनेक तयार एक्सेल पत्रकांत त्या सगळ्याच थरांना आपोआप लागतात. चिकणमातीच्या ओळीत ते सूत्र आहे का, ते एकदा उघडून पाहा.

४. नमुना काढणे

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होते. पातळ नळीचे क्षेत्र-गुणोत्तर, म्हणजे नळीच्या धातूने बाजूला सारलेल्या मातीचे नमुन्याशी प्रमाण, १० टक्क्यांच्या आसपास असावे लागते. एसपीटीच्या चमच्याचे तेच गुणोत्तर ११० टक्क्यांच्या घरात जाते. म्हणून चमच्यातून निघालेली माती ओलाव्यासाठी आणि ॲटरबर्ग मर्यादांसाठी (लिक्विड आणि प्लॅस्टिक लिमिट) उत्तम, पण ताकदीसाठी निरुपयोगी. तरीही ती कापून दाबशक्तीच्या यंत्रात घातलेली मी पाहिली आहे.

अडचण अशी की खरोखर कडक मातीत पातळ नळी जातच नाही. तिची कड वळते. मग हातोड्याने ठोकतात आणि आतला नमुना भेगांवर तुटतो. शक्य असेल तर नळी जॅकने एका दमात दाबावी. माती तेवढेही करू देत नसेल, तर दुहेरी नळीच्या कोअर बॅरलने फिरवत काढावी. वरच्या दोन-तीन मीटरांसाठी मात्र माझा कल सरळ खड्ड्याकडे आहे. जेसीबीचे एक-दोन तासांचे भाडे, आणि खड्ड्याच्या तळाशी सुरीने कापलेला ३० सेंटीमीटरचा ठोकळा. त्याला फिल्म, कापड आणि मेणाचे थर द्यायचे, लाकडी पेटीत ठेवायचा, आणि भोवती भुसा दाबून भरायचा म्हणजे सोलापूर रोडच्या खड्ड्यांत टेम्पो उडाला तरी ठोकळा हलत नाही. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्यात काठांना आधार किंवा उतार दिल्याशिवाय उतरू नका. कडक माती उभी राहते, आणि पूर्वसूचना न देता पडते.

ठोकळा कापताना मातीकडे नीट बघा. काळी माती अनेकदा तिरक्या पृष्ठांवर सुटते आणि ते पृष्ठ तूप लावल्यासारखे चकाकते, त्यावर बारीक समांतर ओरखडे असतात. ओली माती फुगताना आणि वाळताना एकमेकींवर घसरून हे पृष्ठ तयार होते. अशा भेगा किती अंतरावर आहेत आणि किती तिरक्या, हे वहीत लिहा, जमल्यास मेजपट्टी ठेवून फोटो काढा. पुढे आकडे जुळेनासे झाले की हीच नोंद कामाला येते.

नमुने पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात ठेवू नयेत आणि आठवडाभराच्या आत तपासावेत. नळीचे तोंड मेणाने बंद केले आहे असे सांगितले जाते. स्वतः बोट लावून खात्री करा.

५. प्रयोगशाळेतल्या चाचण्या

एकाक्ष दाबशक्ती, म्हणजेच यूसीएस, सर्वांत स्वस्त. साधारण ३८ मिलीमीटर व्यासाचा आणि त्याच्या दुप्पट उंचीचा नमुना मिनिटाला अर्धा ते दोन टक्के या वेगाने दाबायचा. तो फुटेपर्यंत किंवा २० टक्के आखडेपर्यंत. आलेल्या दाबशक्तीचे निम्मे म्हणजे कर्तन-सामर्थ्य. फुटलेला नमुना फेकण्यापूर्वी त्याचे चित्र काढा. तो तिरक्या चकाकत्या पृष्ठावर अलगद सुटला असेल, तर आकडा त्या भेगेचा आहे. मधून पिंपासारखा फुगला असेल, तर मातीचा. आणि त्याच नमुन्यातले पाणी, चाचणीनंतर लगेच, त्याच पानावर.

निचरा-विरहित त्रिअक्षीय चाचणीत, जिला सगळे ‘यूयू’ म्हणतात, तीन वेगवेगळ्या बाजूच्या दाबांवर तीन नमुने फोडतात. माती पाण्याने पूर्ण भरलेली असेल, तर तिन्हींची ताकद जवळपास सारखी येते आणि घर्षणकोन, म्हणजे दाबाबरोबर ताकद किती वाढते ते सांगणारा कोन, शून्य. उन्हाळ्यातल्या आपल्या नमुन्यांत हवा असते. दाब वाढवला की हवा दबते, ताकद वाढते आणि आलेख चढतो. मग अहवालात सी (मातीची चिकटण्याची ताकद) ७० किलोपास्कल आणि फाय (घर्षणकोन) १२ अंश असे छापले जाते, कोणीतरी ते दोन्ही भारक्षमतेच्या सूत्रात टाकते, आणि क्षमता फुगते. तो १२ अंशांचा कोन हवेने दिलेला उसना आकडा आहे. पावसाळ्यात हवेच्या जागी पाणी आले की तो परत जातो. म्हणून जिथे माती पुढे भिजणार आहे, तिथे नमुना पायाच्या अपेक्षित दाबाखाली ठेवून आधी भिजू द्यावा, फुगणे थांबले की मग तपासावा. याला दोन-चार दिवस जास्त लागतात आणि प्रयोगशाळा कुरकुर करते. आग्रह धरा.

तळघराच्या खोदाईचे काठ वर्षभर उघडे राहणार असतील, तर यूयू पुरत नाही. भेगा उघडतात, त्यांत पाणी शिरते, माती आतून मऊ पडते. तिथे छिद्रजलदाब, म्हणजे मातीच्या छिद्रांतल्या पाण्याचा दाब, मोजणारी ‘सीयू’ चाचणी घेऊन तो दाब वजा करून उरलेल्या प्रभावी ताणांवर हिशेब करावा. पूर्वी घसरलेल्या पृष्ठावर ताकद आणखी खाली, अवशिष्ट पातळीवर येते. ब्रिटिश मृदा-अभियंता स्केम्प्टन यांनी १९६४ च्या रँकिन व्याख्यानात ही गोष्ट मांडली आणि चिकणमातीच्या उतारांचा अभ्यास त्यानंतर बदलला.

फ्री स्वेल इंडेक्स, म्हणजे पाण्यात माती किती फुगते त्याचे माप, ताकद सांगत नाही, पण थोडी काचसामग्री आणि एक दिवस एवढ्यात माती किती बदलू शकते हे सांगतो. घ्यावाच.

६. व्हेन, कोन, प्लेट आणि खिशातले यंत्र

जागेवरची व्हेन चाचणी मऊ मातीची. सुमारे १०० किलोपास्कलच्या पुढे पाती आणि दांडा साथ देत नाहीत, आणि भेगाळ मातीत निकालाला अर्थ उरत नाही. शंकूचे टोक मातीत दाबण्याच्या कोन चाचणीत टोकाच्या रोधातून वरच्या मातीचा दाब वजा करून १० ते २० मधल्या एका आकड्याने भागतात, भेगाळ कडक मातीत त्याहूनही मोठ्या. हा भाजक त्याच जागेच्या प्रयोगशाळेतल्या निकालांशी ताडून ठरवला तरच उपयोग. मुरूम लागला की कोन थांबतो.

प्लेट चाचणी मला आवडते, कारण प्लेट भेगांसकट माती दाबते. माती फुटेपर्यंत भार नेता आला, तर पृष्ठभागावरच्या गोल प्लेटच्या अंतिम दाबाला साधारण ६ ने भागून ताकद मिळते. पण ३० सेंटीमीटरच्या प्लेटला खालची जेमतेम अर्धा-पाऊण मीटर माती कळते.

खिशातला पेनेट्रोमीटर दाबशक्ती दाखवतो, कर्तन-सामर्थ्य नव्हे. निम्मे करायला विसरलेले अहवाल मी एका हाताच्या बोटांपेक्षा जास्त वेळा परत पाठवले आहेत. त्याचे टोक पेन्सिलीएवढे असल्याने ते दोन भेगांमधल्या ढेकळाची ताकद सांगते. थर कुठे बदलला, हे ओळखायला मात्र त्याच्यासारखे दुसरे साधन नाही.

७. आकडे समोरासमोर ठेवा

समजा, मेमध्ये दोन मीटर खोलीवर लिक्विड लिमिट ६८, प्लॅस्टिक लिमिट २८ आणि पाणी २४ टक्के आहे. पेनेट्रोमीटर चौरस सेंटीमीटरला ३.५ किलो दाखवतो, म्हणजे कर्तन-सामर्थ्य सुमारे १७० किलोपास्कल. यूसीएसवरून ९५ येते, यूयूवरून ९०. एन १४ आहे, गुणांक ४.५ धरून ६३. भिजवून तपासलेला नमुना ३० टक्के पाण्यावर ४८ देतो.

यांची सरासरी काढणे ही सर्वांत वाईट गोष्ट आहे, कारण हे पाच आकडे एकाच गोष्टीचे नाहीत. पहिला ढेकळाचा, पुढचे दोन लहान नमुन्यांचे, ज्यांत भेग सापडली तर सापडली. चौथा भेगांसकट मातीचा, पण कोरड्या. नमुना लहान तेवढी ताकद जास्त दिसते, हे भेगाळ मातीत नेहमीचे आहे. पाचवा ओल्या मातीचा. पाणी २४ वरून ३० वर गेल्यावर ९५ चे ४८ झाले, म्हणजे जवळपास निम्मे. वहीच्या पहिल्या पानावरचा हिशेब जुळला. पाया भिजण्याच्या कक्षेत असेल तर मी इथे ४५ धरीन.

आता फरक किती पडतो ते पाहा. चौरस पायासाठी ५.१४ हा भारक्षमतेचा गुणांक, आकाराचा १.३ आणि सुरक्षा-गुणांक ३ घेतला, खोलीचा फायदा सोडून दिला, तर ४५ वर निव्वळ सुरक्षित क्षमता १०० किलोपास्कल, म्हणजे चौरस मीटरला साधारण १० टन येते. यूसीएसचे ९५ धरले असते तर २१ टन. माझ्या त्या पहिल्या अहवालात नेमके हेच झाले होते. शिवाय हा फक्त ताकदीचा हिशेब आहे. खचणे आणि फुगणे वेगळे तपासावे लागते, आणि हलक्या बांधकामाला काळी माती वरही उचलते.

८. अहवालात काय लिहावे

प्रत्येक ताकदीच्या आकड्याशेजारी चाचणीचा प्रकार, नमुन्याचा आकार, पाण्याचे प्रमाण आणि नमुना काढल्याची तारीख एकाच ओळीत यावी. सुचवलेला आकडा कोणत्या ओलाव्यासाठी आहे आणि कोणते आकडे का बाजूला ठेवले, हे दोन-तीन वाक्यांत लिहा. एकके एकच ठेवा: एका पानावर किलो प्रति चौरस सेंटीमीटर आणि दुसऱ्यावर किलोपास्कल असले की शंभरपटीचा घोळ कधीतरी होतोच.

पायाचा खड्डा उघडल्यावर तपासणीला बोलवावे, अशी अट अहवालातच घाला. बोलावणे आले की पेनेट्रोमीटर आणि दोन डबे घेऊन जा, तळाची माती त्याच दिवशी ओव्हनमध्ये ठेवा आणि दुसऱ्या सकाळी आलेला पाण्याचा आकडा मूळ तक्त्यात त्या बोअरहोलच्या ओळीशेजारी लिहा. तो गृहीत धरलेल्या ओलाव्यापेक्षा जास्त निघाला, तर काँक्रीट थांबवून डिझाइनरला फोन करायचा.